मोटारीला रंग कोणता द्यावा?

घराला रंग काढायचे ठरले की घरातल्या माणसांचे रंग दिसू लागतात, हा अनुभव वाचकांपैकी बहुतेकांनी घेतला असेल. दिवाणखाना पिस्ता असावा की मोतिया, यावरून तीन दिवस अबोला धरलेली कुटुंबे माझ्या माहितीत आहेत. पण भिंतीचे एक बरे असते. चुकला रंग, तर पुढच्या दिवाळीला दुसरा काढता येतो. मोटारीचे तसे नाही. आणि ती मोटार सत्तरी ओलांडलेली असेल, वडिलांच्या मागे राहिलेली असेल आणि तिच्यावर तीन भावंडांनी तीन वेगवेगळ्या आठवणींचे हक्क सांगितलेले असतील, तर मग विचारूच नका!

ही मोटार आमच्या अण्णांची. एम. जी. कंपनीची, टी. डी. जातीची, 1951 सालातली. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विलायतेत ऑक्सफर्डजवळ अॅबिंग्डन म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात या मोटारी 1949 ते 1953 पर्यंत निघाल्या. एकंदर तीस हजारांच्या आत-बाहेर. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. फारच थोड्या आपल्याकडे आल्या, त्यांपैकी एक फिरत फिरत कोल्हापुरात आमच्या दारी आली. 1958 साली एका साखर कारखान्यातले इंग्रज इंजिनिअर मायदेशी परत निघाले, त्यांच्याकडून अण्णांनी ती घेतली. अण्णा वकील. पक्षकाराच्या बैलगाडीतून कोर्टात जायलाही त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. पण या एका बाबतीत मात्र त्यांचा तोल गेला होता, असे आई म्हणत असे.

तोल जाण्यासारखीच होती म्हणा ती! दोनच माणसांची जागा, वर कापडी टप, दारे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, म्हणजे घराच्या दारासारखी नव्हेत तर कपाटाची कळ उलटी बसवावी तशी उघडणारी. पाठीवर पेट्रोलची चपटी टाकी आणि तिच्यावर जादा चाक. इंजिन साडेबाराशे सी.सी.चे, शक्ती चोपन्न घोड्यांची. आजच्या साध्या घरगुती मोटारीचे घोडेही याहून अधिक असतात. पण त्या काळी ती 'स्पोर्ट्स कार' होती आणि अण्णा काळ्या कोटात, डोक्याला टोपी न घालता ती चालवीत, हे गल्लीला पुरेसे होते. घरात माणसे पाच आणि मोटारीत जागा दोन. तेव्हा आम्हां भावंडांत पाळ्या असत, आणि पाळीवरून होणारी भांडणे अण्णा कोर्टापेक्षा अधिक गांभीर्याने निकालात काढीत.

1973 सालच्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले. पुढच्या वर्षी अण्णांनी मोटारीवर ताडपत्री घातली, ती 1979 साली ते गेले तरी तशीच राहिली. दादाने गेल्या वर्षी ती काढली. दादाचे वय आता सत्त्याहत्तर. हृदयाचे एक ऑपरेशन झालेले. "एकदा रंकाळ्याला एक फेरी मारीन, मग काय व्हायचं ते होऊ दे," असे तो म्हणाला आणि वहिनींनी तोंडावर पदर घेतला. तेव्हापासून मोटारीचे काम सुरू झाले.

इंजिनाची चिंता करू नका, असे जाणकारांनी सांगितले होते आणि ते खरे ठरले. या मोटारीचे सुटे भाग आजही विलायतेत नवे करून मिळतात. खरी गंमत अंगाची निघाली. वरून पत्रा दिसतो, पण आत सगळा लाकडी सांगाडा. अॅश जातीच्या लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून बसवलेला. वाळवीने पन्नास वर्षे त्या सांगाड्यावर चातुर्मास केला होता. म्हणजे मोटार दुरुस्त करायला आधी सुतार आणावा लागला! सुताराचे झाले, पत्रा ठोकणाऱ्याचे झाले, आणि रंगाचे मेस्त्री दारात येऊन उभे राहिले. त्यांनी विचारले, "सायेब, रंग कंचा?"

या प्रश्नाला घरात तीन उत्तरे एकदम मिळाली.

दादा म्हणाला, "तांबडा. हिचा अस्सल रंग तांबडा. अण्णांनी आणली तेव्हा तांबडी होती आणि मी शिकलो तेव्हाही तांबडीच. मधे थोडे दिवस हिरवी झाली होती, पण ते काही खरं नव्हे."

ताई बेळगावला असते. ती फोनवर म्हणाली, "काहीतरीच काय! मोटार हिरवी होती. पहिल्यापासून हिरवी. मी त्या मोटारीतून सासरी आले, मला विचारा."

मी स्वतः हस्तिदंती रंगाच्या बाजूने साक्ष दिली. लहानपणी मी त्या मोटारीच्या टपाजवळ बसून बोटाने धुळीत नावे लिहीत असे, आणि बोटाखाली निघणारा तो साईच्या रंगाचा पट्टा मला आजही दिसतो. शपथेवर सांगायला तयार होतो.

पुतण्याने चौथे उत्तर दिले. तो पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने मुंबईच्या एका शौकिनाशी बोलणे लावले होते. त्या गृहस्थांचा निरोप स्पष्ट होता : मोटार कारखान्यातून निघाली त्या मूळ रंगात असेल तर एक भाव, नसेल तर बराच खालचा.

मग फोटो काढले. वाचकहो, जुना फोटो साक्षीला बोलावण्याआधी दहादा विचार करा! आमच्याकडे मोटारीचे सहा फोटो निघाले आणि सहाही काळे-पांढरे. एकात मोटार करडी, एकात जवळजवळ काळी. माझ्या एका छायाचित्रकार मित्राने खुलासा केला तो असा : जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश दिसतच नसे, त्यामुळे तांबडी वस्तू तिच्यावर काळी येई. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग दिसत; पण तिच्यावरही अमुक तांबडा आणि अमुक हिरवा हे दोघे एकाच करड्या छटेचे येऊ शकत. म्हणजे दादाही खरा, ताईही खरी, आणि फोटो मुके. आर.सी. पुस्तकाचे म्हणाल, तर तिथेही वाळवीने आमच्या आधी वाचन संपवले होते.

या निमित्ताने मी मोटारींच्या रंगांविषयी थोडे वाचले. तेव्हा कळले की हा तंटा आमच्या घरचाच नाही, जगाचा आहे.

मोटारीचा रंग ही सुरुवातीला चैनीची बाब नव्हतीच. हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी 1908 साली निघाली तेव्हा ती इतर रंगांत मिळे. पण 1914 पासून 1925 पर्यंत ती फक्त काळ्या रंगात विकली गेली, कारण काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊ होता. त्या काळी चांगल्या मोटारीला रंग देणे म्हणजे बग्गीला रंग देण्यासारखे : ब्रशाने हात मारायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा हात. आठवडेच्या आठवडे जात. मग अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग काढला. 1924 सालच्या ओकलंड मोटारीवर तो निळ्या छटेत प्रथम झळकला आणि कित्येक दिवसांचे काम तासांवर आले. त्या रंगाचे नाव होते 'ड्यूको'. आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही गॅरेजच्या पाटीवर 'ड्यूको पेंटिंग' असते आणि लोखंडी कपाटालासुद्धा आपण ड्यूको मारून घेतो. ते नाव त्या निळ्या मोटारीपासून आपल्या गल्लीपर्यंत आले आहे.

शर्यतीच्या मोटारींचे रंग तर देशांप्रमाणे वाटलेले होते. फ्रान्सला निळा, इटलीला तांबडा, जर्मनीला पांढरा. इंग्रजांच्या हिरव्याची कथा मौजेची आहे. गॉर्डन बेनेट कपाची शर्यत 1903 साली भरवायची पाळी त्यांच्यावर आली. पण इंग्लंडात रस्त्यावर शर्यतीला बंदी, म्हणून ती आयर्लंडमध्ये झाली. आणि यजमान देशाचा मान म्हणून मोटारींना हिरवा रंग दिला, असे सांगतात. तोच पुढे 'ब्रिटिश रेसिंग ग्रीन' म्हणून गाजला. जर्मनांची कथा याहून नाट्यमय आहे. 1934 साली नियम आला की मोटारीचे वजन साडेसातशे किलोंच्या वर नको. मर्सिडीज एक किलोने जास्त भरली, तेव्हा रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचा रुपेरी पत्रा उघडा पडला, म्हणून त्या मोटारी रुपेरी झाल्या, असे त्यांचे व्यवस्थापक नॉयबाउअर सांगत. इतिहासकारांचा या गोष्टीवर विश्वास नाही. पण गोष्ट इतकी छान आहे की ती खरवडून काढायला कुणी धजत नाही.

आता जुनी मोटार नव्याने उभी करताना रंग कोणता द्यावा, याविषयी जाणकारांत चार पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, कारखान्यातून निघाली तोच रंग, दुसरा नाही. दुसरा म्हणतो, त्या साली त्या कारखान्याच्या यादीत असलेला कुठलाही चालेल. तिसरा म्हणतो, मोटारीने आयुष्यात जे जे रंग घेतले तोही तिचा इतिहासच. आणि चौथा म्हणतो, पैसे माझे, मोटार माझी, मला आवडेल तो. पहिल्या पंथाला प्रदर्शनातल्या परीक्षकांचा आधार असतो. चौथ्याला बायकोचा असला तरी पुरतो.

रंग बदलायचा तर तो पुरता बदलावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. दाराच्या कडा, बॉनेटच्या आतली बाजू, डॅशबोर्डाखालचा पत्रा, मडगार्ड सोडवून त्यांच्या मागचा भाग, सगळीकडे नवा रंग जायला हवा. नाही तर दार उघडले की जुना रंग डोकावतो, आणि नव्या शर्टाखालून फाटका बनियन दिसावा तसे होते. गडद रंग पत्र्यावरचा प्रत्येक पोचा दाखवतो. फिका रंग पोटात घालतो. तांबडे रंग उन्हाने लौकर उतरतात. आणि सरकारी बाजू विसरू नये : आपल्याकडे मोटारीचा रंग नोंदणीत लिहिलेला असतो, तेव्हा बदलला की आर.टी.ओ.ला कळवावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी 2021 साली वेगळे नियम आले. त्यांना नंबरात 'व्ही. ए.' ही अक्षरे मिळतात, नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, आणि अशी मोटार रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. दादाने ही माहिती ऐकून विचारले, "रंकाळ्याची फेरी कशात बसते?" पुतण्या म्हणाला, "पेट्रोल भरायला जाण्यात."

एवढे ज्ञान घेऊन मी गणपतीनंतर कोल्हापूरला गेलो. मेस्त्री वाटच पाहत होते. त्यांना वाचनाची गरज नव्हती. ते म्हणाले, "सायेब, फोटूला कशाला विचारता? गाडीलाच विचारू की."

त्यांनी डॅशबोर्डाखाली, जिथे ऊनपाऊस आणि धुणे-पुसणे कधी पोचले नव्हते, तिथे रुपयाएवढी जागा निवडली. बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवला आणि बोटाने गोल गोल घासू लागले. कोरडे घासत नाहीत. जुन्या रंगांत शिसे असते, त्याची धूळ पोटात जाणे वाईट. मधे जास्त दाब, कडेला कमी. दहा-पंधरा मिनिटांत तिथे कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे उमटली. बाहेरून आत, म्हणजे वरून खाली. सगळ्यात बाहेर भडक तांबडा. त्याच्या आत करडा प्रायमर. मग हिरवा, गडद, ओल्या पानासारखा. पुन्हा प्रायमर. आणि मधोमध टिकलीएवढा आणखी एक तांबडा. पण हा निराळा, काळपट, मुरलेला.

आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून एकेक करून त्या चकतीचे दर्शन घेतले. पुतण्याने कारखान्याच्या यादीशी ताडून सांगितले की आतला रंग म्हणजे 'ऑटम रेड'. त्याच्या भाषेत हा मरून. वहिनींनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "मरून कसला? अंजिरी आहे हा. पिकून फुटलेल्या अंजिराच्या सालीचा." पुरुषांना रंग सात, बायकांना त्यातल्या एकेकाची पोरंबाळं ठाऊक असतात. हा अंजिरी आणि वरचा कुंकवासारखा, हे दोन रंग दादाने पन्नास-साठ वर्षांत एकत्र कालवून त्यांचा एकच 'तांबडा' केला होता. आणि हस्तिदंती? हस्तिदंतीचा कणसुद्धा कुठे नव्हता. मेस्त्री माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते.

मूळ रंग सापडला. पुतण्या खूष झाला, मुंबईला निरोप गेला. आता प्रश्न एवढाच उरला की मधला हिरवा आला कुठून, आणि तो लगेच गेला का. व्यवहाराच्या दृष्टीने त्याची काही गरज नव्हती. पण वकिलाची मुले आम्ही. निकाल लागला तरी कारणे हवीत.

अण्णांच्या रोजकीर्दी ट्रंकेत होत्या. वर्षाला एक, लाल कापडी पुठ्ठ्याची. दोन दुपारी आम्ही दोघे भाऊ 'मोटार' या सदराखाली शोधत होतो : टायर, प्लग, ऑइल, फॅनबेल्ट. 1968 सालच्या जानेवारीत एक नोंद मिळाली. आदल्या डिसेंबरच्या 11 तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला होता. आमच्या शेडची कौले मोटारीवर कोसळली होती, ते मला आठवते. अण्णांनी लिहिले होते : 'पत्रा ठोकणे व रंग. हिरवा जुळत नाही, सबब तांबडा.' म्हणजे तो कुंकवासारखा रंग अण्णांनी आवडीने निवडलेलाही नव्हता. दुकानात जो होता तो दिला. दादाने त्याच रंगात चालवायला शिकून त्याला अस्सल ठरवले होते.

पण हिरव्याची नोंद मिळेना. शेवटी ती वहिनींना मिळाली, आणि तीही भलत्याच ठिकाणी. 1964 सालच्या एप्रिलात, 'चि. ताईचे लग्नखर्च' या सदरात, मांडव, आचारी, केळवणाचे आहेर, वाजंत्री यांच्या रांगेत एक ओळ होती : 'मोटारीस हिरवा रंग. शालू नेऊन दाखविला.'

वहिनींनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि कुणी काही बोलले नाही.

आमच्याकडे लग्नात मुलीला हिरवा शालू. मुलगी मोटारीतून सासरी जाणार. मोटारीत जागा दोन, म्हणजे ती आणि जावई पुढे बसणार आणि अण्णा मागे राहणार. त्या प्रवासासाठी या माणसाने आपली लाडकी मोटार नव्याने रंगवून घेतली होती, आणि रंगाचे दुकान गाठताना काखेत शालूची घडी नेली होती. खर्च मोटारीच्या खाती न टाकता लग्नाच्या खाती टाकला. आणि याविषयी घरात एक अक्षर बोलले नाहीत.

दादाने ताईला फोन लावला. ओळ वाचून दाखवली. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मला वाटायचं मोटार पहिल्यापासूनच हिरवी होती. त्या दिवशी मी मान वर करून कुठं पाहिलं होतं? खाली मान घातलेली, तर मांडीवर शालू आणि बाजूला दार, सगळं एकच दिसत होतं. मला कसं कळणार रे, की ते मुद्दाम केलंय?"

दादाने फोन ठेवला आणि मेस्त्रींना म्हणाला, "हिरवा."

पुतण्या गडबडला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, हेही मी इथे लिहून ठेवतो. मोटारीवर आधीच दादाच्या ठेवीतले पुष्कळ पैसे गेले होते. औषधपाण्याचा खर्च चालू होता. अंजिरी रंग हा कारखान्याचा, पुराव्यासह सिद्ध झालेला, आणि बाजारात त्यालाच भाव. "काका, तुम्ही तरी सांगा," असे तो मला म्हणाला. मी काय सांगणार? माझी साक्ष तर आधीच खोटी पडली होती. पण ताईनेही त्याचीच बाजू घेतली! संध्याकाळी तिचा फोन आला, "दादा, माझ्यासाठी नको. मूळचा देऊन टाक. माझा हिरवा माझ्या पेटीत आहे."

दादा म्हणाला, "तुझ्यासाठी नाही देत. अण्णांनी एकदाच काय तो रंग स्वतः निवडला. अंजिरी साहेबानं निवडला, तांबडा भूकंपानं निवडला. माझ्यामागं मुलाला विकायची तर विकू दे, आणि घेणाऱ्याला बदलायचा तर बदलू दे. खुणेपुरती ती चकती राहू द्या म्हणजे झालं." मेस्त्रींनी ते मान्य केले. डॅशबोर्डाखालची रुपयाएवढी चकती तशीच ठेवून तिच्याभोवती रंग द्यायचा. पुढे कुणालाही खाली वाकून तिन्ही रंग पाहता येतील.

ताई दुसऱ्याच आठवड्यात शालू घेऊन आली. एकसष्ट वर्षांचा शालू. वरच्या घड्या उतरलेल्या, जर काळवंडलेली. पण आतली घडी उलगडली तेव्हा तो रंग असा काही निघाला की मेस्त्रींनी आधी हात धुऊन आणले. रंगाच्या दुकानात हल्ली रंग मोजणारे यंत्र असते. ते पत्र्याला उपयोगी पडते, रेशमापुढे चकते. कारण रेशीम इकडून एक दिसते, तिकडून दुसरे. तेव्हा मेस्त्रींनी डोळ्यांनीच काम केले. वितभर पत्र्यावर नमुना मारायचा, सुकू द्यायचा, अंगणात नेऊन शालूशेजारी धरायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फुटतो, म्हणून सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. पाच नमुने झाले. मेस्त्री म्हणाले, "रंग काय डब्यात नसतोय सायेब, उनात असतोय."

आणि या वेळी आणखी एक घोटाळा झाला. पाचवा नमुना पाहून ताई म्हणाली, "निळसर झाक आली आहे बघ, तशीच होती." दादा म्हणाला, "निळसर कुठं? पिवळट हिरवा आहे." पुन्हा भांडण जुंपणार असे दिसले. तेव्हा आमच्या सौ.ने उलगडा केला. ताईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दादाचे व्हायचे आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. ऑपरेशनने ते काढून नवे बसवले की माणसाला जग एकाएकी निळसर आणि उजळ दिसते. म्हणजे दोघे एकाच पत्र्याकडे पाहून दोन रंग पाहत होते. सौ.ने दोघांना वेगळाच प्रश्न विचारला, "रंग कसा दिसतो ते सोडा. पत्रा आणि शालू एकसारखे दिसतात का, तेवढं सांगा." दोघांनीही सांगितले, एकसारखे. नमुना मुक्रर झाला.

सौ.ने त्याच दिवशी मेस्त्रींचीही झडती घेतली. हल्लीचे टिकाऊ रंग दोन भाग मिसळून मारतात. त्यांतल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याची फवारणी छातीत गेली तर दमा जडतो. मेस्त्री नाकाला रुमाल बांधून तीस वर्षे हे काम करीत आलेले. "रुमालानं माशी अडते, वाफ अडत नाही," असे तिने बजावले आणि बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा आणल्याशिवाय स्प्रे गन हातात घ्यायची नाही, असे वचन घेतले. मुखवट्याचे पैसे तिने दिले. मी ते माझ्या रोजकीर्दीत कुठल्या सदराखाली घालावे, याचा विचार करतो आहे.

हे लिहीत आहे तेव्हा कोल्हापुरात अजून सरी येताहेत. दमट हवेत रंगाला धुरकटपणा येतो, पृष्ठभाग बिघडतो, म्हणून मेस्त्रींनी दसऱ्यानंतरचा वायदा केला आहे. खंडेनवमीला स्प्रे गनची पूजा, आणि मग पहिला हात. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर रंग सुकलेला असावा. पाडव्याला सकाळी रंकाळ्याची फेरी ठरली आहे. जागा दोनच, दादा चालवणार आणि शेजारी ताई बसणार. वहिनी मागून रिक्षाने येणार आहेत, पर्समध्ये गोळ्या घेऊन.

राहता राहिली माझी साक्ष. हस्तिदंती रंगाचे कोडे ताईनेच सोडवले. ती म्हणाली, "अरे, साईच्या रंगाची मोटार समोरच्या डॉक्टरांची होती. आपल्या मोटारीत पाळी आली नाही की तू रुसून तिच्याजवळ जाऊन बसायचास."